टर्बो पेट्रोल गाडीला ऑइल कॅच कॅन बसवावा का, आणि बसवायचा तर कोणत्या नळीवर?

कोथरूडचा_चालक

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक लिटर, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली हॅचबॅक आहे. इंजेक्शन डायरेक्ट आहे, म्हणजे पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये न फवारता थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. गाडी साठ हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. रोजचा वापर कोथरूड ते शिवाजीनगर असा गर्दीतला आणि थोड्या अंतराचा आहे. अधूनमधून ताम्हिणी उतरून कोकणात जाणे होते.

मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मी बोनेटपाशीच उभा होतो. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा रबरी पाइप काढल्यावर त्याच्या आतून ऑइलचा पातळ थर दिसला, आणि टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या जोडाशी बोट फिरवले तर ते काळपट होऊन आले. तिथल्या सल्लागाराने "टर्बो गाडीत एवढे चालायचेच" असे सांगून विषय संपवला. इंजिन ऑइल खात असल्याचे जाणवत नाही, धूरही नाही. मात्र डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन साचतो आणि कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून इनटेककडे जाणाऱ्या वायूतील ऑइल वाटेत अडवून साठवणारा डबा, बसवल्यास तो टळतो, असे अनेक ठिकाणी वाचल्यामुळे कॅन बसवावा असा विचार आहे.

माझी अडचण अशी आहे की बाजारात मिळणाऱ्या साध्या कॅनला एक नळी आत येण्यासाठी आणि एक बाहेर जाण्यासाठी असते, तर माझ्या टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) दोन वेगवेगळ्या नळ्या निघतात. त्यांतील बारीक नळी पीसीव्ही व्हॉल्व्हपासून (इंजिनातील वायू इनटेककडे सोडणाऱ्या एकदिशा झडपेपासून) इनटेक मॅनिफोल्डला जाते आणि दुसरी, जरा जाड, टर्बोच्या अलीकडच्या पाइपाला जोडलेली आहे. कॅन यांपैकी कोणत्या नळीवर बसवायचा? दोन्ही नळ्या एकाच कॅनमध्ये आणल्या तर चालेल का?

रिंगा_आणि_बेअरिंग

दोन्ही नळ्या सरळ एकाच कॅनमध्ये आणू नका, हे आधी सांगतो. टर्बो नसलेल्या गाडीसाठी लिहिलेली माहिती वाचून कॅन बसवणारे नेमके याच ठिकाणी फसतात. कारण समजण्यासाठी त्या नळ्यांमध्ये काय चालते ते पाहावे लागेल.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाच्या दाबाने थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पोकळीत) उतरतोच. हाच ब्लो-बाय. त्यात न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते, आणि फिरत्या क्रँकने उडवलेल्या ऑइलचे धुकेही त्यात मिसळते. हा वायू बाहेर काढला नाही तर क्रँककेसमधील दाब वाढून ऑइल सीलमधून गळती सुरू होते; म्हणून तो इनटेकमध्ये ओढून पुन्हा जाळला जातो.

आयडलिंगला किंवा सावकाश चालवताना थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधील निरपेक्ष दाब ३०-४० किलोपास्कलपर्यंत खाली येतो, तर पुण्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब ९५ च्या आसपास असतो. या फरकामुळे पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडतो, ब्लो-बाय बारीक नळीने मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो आणि जाड नळीतून, उलट दिशेने, ताजी हवा क्रँककेसमध्ये येते. तुम्ही ताम्हिणीचा चढ चढू लागलात आणि टर्बोने दाब धरला की चित्र पालटते. मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्यापेक्षा वाढतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह मिटतो, आणि वाढलेला ब्लो-बाय जाड नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. तिथून ऑइलचे धुके कॉम्प्रेसरमधून इंटरकूलरमध्ये उतरते. तुमच्या बोटाला लागले ते हेच.

आता दोन्ही नळ्या एका मोकळ्या कॅनमध्ये आणल्या तर आयडलिंगला मॅनिफोल्ड क्रँककेसमधून वायू ओढण्याऐवजी टर्बोच्या अलीकडच्या पाइपातील हवाच कॅनमार्गे ओढून घेईल. ती हवा थ्रॉटलला वळसा घालून येणार असल्यामुळे आयडलिंग अस्थिर होईल. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोने दाब धरल्यावर, उलटे होईल: टर्बोने दाबलेली हवा त्याच वाटेने मागे निसटेल आणि कॅनसह क्रँककेसवरही दाब येईल. दोन्ही बाजूंसाठी एकच कॅन वापरायचाच असेल तर तो आतून दोन कप्प्यांचा असावा किंवा बाहेर जाणाऱ्या दोन्ही नळ्यांवर योग्य दिशेने चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वायू सोडणाऱ्या झडपा) असावेत. माझ्या मते दोन छोटे स्वतंत्र कॅन किंवा केवळ एकाच बाजूला कॅन, हे अधिक सरळ पडते.

कोणती बाजू, हे गाडी कशी चालते त्यावर ठरेल. कोथरूड ते शिवाजीनगर या प्रवासात तुमचा टर्बो क्वचितच पूर्ण दाब धरत असेल, त्यामुळे तुमचा बहुतांश ब्लो-बाय पीसीव्हीच्या बारीक नळीने थेट मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून व्हॉल्व्हवर जातो. कार्बनची काळजी असेल तर कॅन त्या नळीवर, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये यायला हवा. इंटरकूलरमधील ऑइल कमी करायचे असेल तर जाड नळीवर. सतत घाट, भरलेली गाडी किंवा ट्रॅक असा वापर असणाऱ्यांना दुसऱ्या बाजूचा उपयोग जास्त होतो.

कॅनकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही सांगतो. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडून ती धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते व्हॉल्व्हला शिवतच नाही, म्हणून तिथे ऑइल भाजून थर बसतो. टाटा नेक्सॉनचे १.२ लिटर टर्बो पेट्रोल पोर्ट इंजेक्शनचे आहे, तर महिंद्राने एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये पोर्ट आणि डायरेक्ट अशी दोन वेगळी टर्बो पेट्रोल इंजिने दिली आहेत. पोर्टवाल्यांनी केवळ कार्बनच्या भीतीने कॅन घेण्याची गरज नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्येही सगळा थर पीसीव्हीमुळेच बसतो असे नाही. व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमधून झिरपणारे ऑइल आणि व्हॉल्व्ह एकत्र उघडे असताना मागे येणारा जळालेला वायू, यांवर कॅनचा काहीही इलाज नाही. साठ हजार किलोमीटरमध्ये जो थर बसला असेल तो कॅन लावल्याने निघणारही नाही. त्यासाठी मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा दाबाच्या हवेने मारावा लागतो.

म्हणून कॅन विकत घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. इंजिन गरम करून, आयडलिंगवर ठेवून, ऑइल भरण्याचे झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ कागद धरा. कागद हलकेच ओढला गेला पाहिजे. तो वर फेकला जात असेल तर ब्लो-बाय जास्त आहे किंवा पीसीव्हीची वाट तुंबली आहे. आणि काही इंजिनांत रबरी पडद्याचा नियंत्रक असतो, तिथे झाकण काढताना जोराची ओढ आणि शीळ जाणवली तर पडदा फाटलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) ऑइलची पातळी पाहणे, सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी.

इचलकरंजी_गॅरेज

वरील माहिती योग्य आहे. प्रत्यक्ष बसवण्याच्या कामात काय बिघडते, तेवढे मी सांगतो, कारण कॅन बसवून घेतलेल्या आणि नंतर कुरकुरत आलेल्या गाड्या आमच्याकडे येतात.

हजार-दीड हजार रुपयांना मिळणारे बहुतेक कॅन आतून रिकामे डबे असतात. झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय घेऊ नका. वायू एका भोकातून आत येऊन समोरच्या भोकातून लगेच बाहेर पडत असेल तर ऑइलचे धुकेही त्याच्याबरोबर निघून जाते. आत येणारी नळी तळाच्या दिशेने उतरलेली असावी, मध्ये आडव्या पत्र्या असाव्यात आणि वर जाताना वायू जाळीतून गाळला जावा. काही जण आत भांडी घासण्याचा तारेचा काथ्या कोंबतात. त्या तारेचे तुकडे सुटून थेट मॅनिफोल्डमध्ये जातात. जाळी घालायचीच असेल तर स्टेनलेस स्टीलची विणलेली घालावी आणि ती दोन्ही बाजूंनी छिद्रांच्या पत्र्याने बंदिस्त करावी.

नळीचा आतील व्यास कंपनीच्या नळीइतकाच ठेवावा. कॅनच्या निपलला बसते म्हणून बारीक नळी घेतली की बूस्टमध्ये क्रँककेसचा दाब अडतो, आणि आधी डिपस्टिक वर उचलली जाते, नंतर क्रँकचे मागचे सील गळते. ते बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. नळी ऑइल सहन करणाऱ्या नायट्राइल रबराची किंवा आतून फ्लोरो-रबराचे अस्तर असलेली घ्यावी. निळी-लाल साधी सिलिकॉनची नळी दिसायला चांगली असली तरी ऑइल तिच्यातून पाझरते आणि काही महिन्यांत ती बाहेरून चिकट होते. पारदर्शक पीव्हीसी तर मुळीच नको; बोनेटखाली ती आधी मऊ होऊन ओढीने चपटी होते आणि नंतर कडक होऊन तडकते.

जागा निवडताना दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध जातात. कॅन जितका थंड जागी तितके ऑइल आणि पाणी त्यात चांगले साचते, म्हणून तो टर्बो आणि एक्झॉस्टपासून दूर, शक्यतो पुढच्या बाजूला हवा लागेल असा असावा. पण तिकडे नेताना नळी लांबते आणि तिला मध्येच झोल येतो. त्या झोलात पाणी आणि ऑइल साचून वाट बंद होते. टॅपेट कव्हरपासून कॅनपर्यंत नळी सतत चढती ठेवली तर वाटेत थिजलेले ऑइल परत इंजिनात उतरते. तीन सिलिंडरचे इंजिन रेस दिली की चांगलेच हलते, आणि कॅन बॉडीला जोडलेला असतो. म्हणून नळीला थोडे सैल वळण द्यावे, नाहीतर निपल तुटतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर मात्र काहीही बांधू नये. एखादा क्लॅम्प सैल झाला तर ऑइल नेमके तापलेल्या लोखंडावर पडते.

पीसीव्हीच्या बाजूला बसवताना आणखी एक काळजी घ्या. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा. तो खळखळ वाजला पाहिजे. मग फुंकून पाहा, इंजिनाकडच्या तोंडातून हवा जावी आणि मॅनिफोल्डकडच्या तोंडातून अडावी. तो नीट मिटत नसेल तर बूस्टचा पूर्ण दाब तुमच्या नव्या कॅनवर येईल, आणि बाहेरून पातळी दाखवणारी प्लॅस्टिकची नळी असलेल्या स्वस्त कॅनमध्ये तीच आधी निसटते. व्हॉल्व्ह फार महाग नसतो. शंका आली की नवीनच टाकावा.

सावंतवाडीकर

डिझेलवाल्यांसाठी थोडे लिहितो. डिझेल इंजिनात मॅनिफोल्डला पेट्रोलसारखी ओढ नसते, त्यामुळे सहसा एकच नळी टॅपेट कव्हरवरून टर्बोच्या तोंडाशी जाते आणि कॅन कुठे लावायचा हा प्रश्नच उरत नाही. ऑइलचे धुके पुढे ईजीआरच्या (एक्झॉस्टचा काही वायू परत इनटेकमध्ये आणणाऱ्या व्यवस्थेच्या) काजळीला भेटून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा गाळ होतो, म्हणून तिथे कॅनचा उपयोग मला पेट्रोलपेक्षाही जास्त वाटतो. माझ्या एसयूव्हीला मान अँड हुमेल कंपनीचा प्रोव्हेंट बसवला आहे. त्यात धुके एकत्र करून थेंब पाडणारा बदलण्याजोगा फिल्टर असतो, आणि तो तुंबल्यास दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्हही असतो. एवढे मात्र पक्के लक्षात असू द्या की डिझेलमध्ये काठोकाठ भरलेला कॅन हा धोका आहे. टर्बोने तो एकदम ओढला तर इंजिन त्या ऑइलवरच धावू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

कोथरूडचा_चालक

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. कागद तोंडावर हलकाच चिकटून राहिला, फेकला गेला नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह खळखळतो आणि एकाच बाजूने हवा सोडतो. डिपस्टिकने मात्र चकित केले: ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. सर्व्हिसिंगनंतर लगेच पातळी पाहिली नव्हती, त्यामुळे ते तेव्हाच जास्त भरले होते की नंतर वाढले, हे सांगता येत नाही.

दुसरे असे की इथल्या एका मॉडिफिकेशनच्या दुकानात चौकशी केली, तर त्यांनी सुचवले की दोन्ही नळ्या कॅनमध्ये आणाव्यात, कॅनच्या डोक्यावर एक छोटा गोल फिल्टर बसवून वायू हवेतच सोडावा आणि मॅनिफोल्डचे तोंड बुचाने बंद करावे. म्हणजे इनटेकमध्ये ऑइलचा थेंबही जाणार नाही. हे ऐकायला बिनचूक वाटते. यात काही अडचण आहे का?

रिंगा_आणि_बेअरिंग

आधी डिपस्टिकविषयी, कारण तुमच्या काळपट बोटाचे उत्तर बहुधा तिथेच आहे. पातळी वर गेली की क्रँकची वजने ऑइलला घासू लागतात, फेस आणि धुके वाढते आणि दोन्ही नळ्यांतून ते जास्त प्रमाणात बाहेर पडते. डायरेक्ट इंजेक्शनचे इंजिन थंड असताना सिलिंडरच्या भिंतीवर पडलेले पेट्रोल रिंगांवाटे खाली उतरते. लांब प्रवासात ऑइल पुरेसे तापून ते उडून जाते, पण सहा-सात किलोमीटरच्या रोजच्या फेऱ्यांत ते साचत जाते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगसाठीही चांगले नाही. कॅन बाजूला ठेवा आणि आधी ऑइल व फिल्टर बदला, पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवा, बदलण्याची मुदत कमी करा.

ऑइल निवडताना कंपनीने सांगितलेला ग्रेड सोडू नये, पण त्याच ग्रेडमध्ये उडून जाण्याचे प्रमाण कमी असलेले घेता येते. हे प्रमाण मोजणाऱ्या नोअॅक चाचणीत एपीआय एसपी दर्जाबरोबर येणाऱ्या आयएलसॅक जीएफ-६ या ऑइल मानकाची मर्यादा १५ टक्के आहे, तर एसीइए सी३ या युरोपीय मानकाची १३ टक्के. उत्पादनाच्या माहितीपत्रकात प्रत्यक्ष आकडा दिलेला असतो आणि चांगल्या ऑइलमध्ये तो याहूनही खाली असतो. एसपी दर्जात कमी वेगावर जोर टाकताना होणाऱ्या अवेळी ज्वलनाची चाचणीही आहे, जी छोट्या टर्बो इंजिनांसाठी कॅनपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

दुकानदाराचा सल्ला नाकारा. मॅनिफोल्डची ओढ बंद केली की क्रँककेसमधील पेट्रोल आणि पाण्याची वाफ बाहेर खेचणारे काहीच उरत नाही. ती ऑइलमध्येच राहते, आणि तुमचा मूळ त्रास तर तोच आहे. शिवाय वायू बोनेटखाली सोडला तर एसीच्या पंख्यातून त्याचा वास गाडीत येतो.

आरटीओच्या_रांगेत

कायद्याची बाजूही पाहावी. पेट्रोल गाडीच्या मान्यतेच्या चाचण्यांमध्ये क्रँककेसमधील वायू बाहेर पडत नाही ना, याची स्वतंत्र चाचणी असते, त्यामुळे डोक्यावर फिल्टर लावून तो हवेत सोडणे हे भारत स्टेजच्या मानकांत बसत नाही. पीयूसी केंद्रावर हे सापडणार नाही, कारण तिथे फक्त सायलेन्सरचा धूर तपासतात. पण न सापडणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. वायू पुन्हा इनटेकमध्येच नेणारा बंद कॅन प्रदूषण वाढवत नाही, तरीही वॉरंटी शिल्लक असेल तर टर्बो किंवा इंजिनाच्या दाव्याच्या वेळी तो वादाचे कारण होऊ शकतो. मूळ नळ्या न कापता जपून ठेवा, म्हणजे कॅन काढून गाडी पूर्ववत करता येईल.

ओंटारिओतून

इथे कॅनडात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक नोंद करतो. उणे पंधरा-वीस तापमानात कॅनमध्ये साचणारे बरेचसे पाणीच असते आणि ते गोठून नळी बंद होते. मग दाब सीलमधून वाट काढतो. कंपनीची नळी इंजिनाला बिलगून का ठेवलेली असते, ते अशा वेळी समजते. मी नोव्हेंबरमध्ये कॅन काढून मूळ नळी लावतो आणि एप्रिलमध्ये पुन्हा बसवतो.

कोथरूडचा_चालक

ऑइल आणि फिल्टर बदलून घेतले; पातळी आता बरोबर मध्ये आहे. काही आठवड्यांनी ती पुन्हा पाहीन. इनटेकचा पाइप आणि इंटरकूलरचा जोड पुसून ठेवला आहे, म्हणजे नवीन ऑइल किती येते ते समजेल. त्यानंतर पीसीव्हीच्या बाजूला एकच कॅन बसवायचे ठरवले, तर तो किती वेळाने रिकामा करायचा आणि त्यात साचेल त्यावरून काय ओळखायचे?

इचलकरंजी_गॅरेज

सुरुवातीला हजार किलोमीटरवर उघडून पाहा. त्यात किती साचले त्यावरून पुढची मुदत ठरवा, पण अर्ध्याच्या वर कधीही भरू देऊ नका. पावसाळ्यात आणि थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे पांढरट, दुधाळ पाणीच जास्त निघेल. ते पाहून हेड गॅस्केट गेल्याची भीती बाळगू नका, मात्र कूलंटची पातळी एकदा पाहून घ्या. उन्हाळ्यात लांबचा प्रवास झाल्यावर तपकिरी, पातळ, पेट्रोलचा वास असलेले द्रव निघेल. काळे, दाट, इंजिन ऑइलसारखेच ऑइल भराभर साचत असेल तर कॅन मोठा करू नका. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजणे) करून घ्या आणि त्या वेळी ऑइलच्या झाकणातून हवेचा आवाज येतो का ते ऐका. आवाज स्पष्ट येत असेल तर रिंगांकडे पाहावे लागेल.

कॅनमधील द्रव पुन्हा इंजिनात ओतू नका. त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल असते. बाटलीत भरून ठेवा आणि पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात टाका. बसवल्यावर पहिल्याच दिवशी सर्व जोडांना साबणाचे पाणी लावून आयडलिंगवर कुठे फेस आत ओढला जातो का ते पाहावे, आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे दाखवणारे यंत्र) असेल तर कॅन लावण्याआधीचा आणि नंतरचा फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती, लिहून ठेवावा. तो अधिकच्या बाजूला सरकला असेल तर कुठला तरी क्लॅम्प हवा घेत आहे.